पीसी अपग्रेड करताना विंडोज ११ विकत घ्यायची का? आधी बोर्डाचं ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. सांगलीत घरी असेम्बल केलेला पीसी आहे, २०१४ च्या सुमाराचा, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, वर विंडोज १०. त्यावर तुम्ही घरून काही व्यापाऱ्यांचं टॅली आणि जीएसटी बघता, मुलगी बारावीला आहे, सासरे जुन्या श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करतात. दुकानदार म्हणतोय बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदला आणि विंडोज ११ "मारून देतो", त्याचे थोडे वेगळे पैसे. ऑनलाइन बघितलं तर विंडोजची की, म्हणजे ती अ‍ॅक्टिव्हेट करायचा पंचवीस अक्षरांचा कोड, चारशे-पाचशेला मिळतेय आणि कंपनीच्या साइटवर दहा हजारांच्या आसपास. मग यातलं खरं कुठलं आणि घ्यायचं काय, असा प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच की विंडोजचे पैसे सगळ्यात शेवटी मोजा. बोर्ड ठरल्याशिवाय तर अजिबात नाही. कारण लोकांना वाटतं विंडोज हार्ड डिस्कवर असते म्हणून हार्ड डिस्कबरोबर ती कुठेही जाते. फाइली डिस्कवर असतात हे बरोबर, पण लायसन्स मदरबोर्डाला चिकटलेलं असतं. रॅम बदला, डिस्क बदला, ग्राफिक कार्ड बदला, सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने तो दुसरा कॉम्प्युटर झाला. त्यामुळे "विंडोज किती रुपयाला" हा प्रश्न खरा "बोर्ड कुठला आणि तो कुठून येतोय" असा आहे, आणि काही रस्ते असे आहेत की तिथे विंडोजला वेगळा एक रुपयाही लागत नाही.

आता आज तुमच्या पीसीवर काय आहे ते आधी बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी खिडकी येईल, त्यात इंग्रजी लहान लिपीत एस एल एम जी आर, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि डी एल आय टाइप करून एंटर. थोड्या वेळाने एक चौकट येते, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, लिहिलेला असतो. तिथे ओईएम असं काही असेल तर ते लायसन्स त्याच बोर्डाबरोबर जन्मलं आणि त्याच्याबरोबरच संपणार, नव्या बोर्डावर न्यायचा हक्क नाही. रिटेल असेल तर ते तुमचं, जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतं, एका वेळी एकाच मशीनवर. आणि व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असं दिसलं तर घरच्या पीसीवर ते यायचं काहीच कारण नाही, ती पद्धत मोठ्या ऑफिसांची आहे, जिथे कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि प्रत्येक मशीनला दर १८० दिवसांच्या आत त्याला विचारून हजेरी लावावी लागते. घरी ते दिसतंय म्हणजे कुणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर चालवून खोटा सर्व्हर बसवलाय. असेम्बल पीसीवर हेच जास्त सापडतं, मी नाशकात असेम्ब्ली आणि एएमसीचं (वर्षभराच्या देखभालीचं) काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे तुमच्याकडेही तेच निघालं तर आश्चर्य वाटणार नाही.

इथे एक मेख आहे. रिटेल दिसलं म्हणून लगेच खूष होऊ नका. त्याच चौकटीत पार्शियल की म्हणून पाच अक्षरं दिसतात, ती ८एचव्हीएक्स७ किंवा ३व्ही६६टी असतील तर ती तुमची खासगी की नाही, ती होम आणि प्रो ची सगळ्या जगाला सारखी असलेली जेनेरिक की आहे. याचा अर्थ डिजिटल लायसन्स आहे, म्हणजे सर्व्हरवर तुमच्या बोर्डाची नोंद आहे. ती नोंद कशी झाली ते मात्र यावरून कळत नाही. जुन्या खऱ्या विंडोज ७ वरून फुकट अपग्रेड घेतलं असेल तरी हेच दिसतं आणि हल्लीच्या एका जुगाडानेही हेच दिसतं. मग शेवटी प्रश्न साधा राहतो, विंडोजचं बिल किंवा डबा तुमच्याकडे आहे का. नसेल तर जुनं लायसन्स नवीन बोर्डावर नेण्याचा विचार सोडून द्या. असेल आणि खरंच रिटेल असेल तर बोर्ड बदलायच्या आधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनला जाऊन ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा, नंतर नव्या बोर्डावर तिथलाच ट्रबलशूट उघडून "मी नुकतंच हार्डवेअर बदललंय" हा पर्याय निवडायचा.

आणि कुणीतरी नक्की सांगेल की विंडोज ७ ची जुनी की टाका, चालते. चालायची. अधिकृत फुकट अपग्रेड २९ जुलै २०१६ लाच संपलं होतं पण नंतर सात वर्षं मागचं दार उघडंच होतं, ते मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये लावलं. आता कपाटातला तो स्टिकर शोधत बसू नका.

मग आहे ते मशीन तसंच ठेवून विंडोज ११ का नाही, हा पुढचा प्रश्न येतोच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे तुम्हाला माहितीच आहे, त्याच नोटिशीमुळे तर हे सगळं सुरू झालं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना खोट्या प्रोग्रामला अडवणारी सोय) आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीकडे ढोबळमानाने रायझन २००० सीरिजपासून पुढचा. तुमचा चौथ्या जनरेशनचा आहे, म्हणजे यादीच्या बाहेर. (ज्यांच्याकडे आठव्या-नवव्या जनरेशनचं मशीन आहे आणि तरी "टीपीएम नाही" असा मेसेज येतो त्यांनी दुकानात पळू नये, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाचं बटण बंद असतं, ते चालू करायचं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती जीपीटी करायलाही विंडोजमध्येच टूल आहे, फॉरमॅट मारायची गरज नसते, बॅकअप मात्र घ्यायचा.)

रुफस नावाचं टूल वापरून टीपीएमची अट काढून टाकलेला पेनड्राइव्ह बनवता येतो आणि तुमच्या चौथ्या जनरेशनवर विंडोज ११ बसतेही. विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्शनपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असणं सक्तीचं झालंय, तुमच्या आय-फाइव्हमध्ये त्या आहेत, कोअर टू ड्युओ वाल्यांचा मात्र तिथे कारभार संपला. पण बसते म्हणून बसवावी का? मायक्रोसॉफ्ट सरळ सांगतं की अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, आणि वर्षातून एकदा येणारं मोठं व्हर्शन आपोआप येत नाही, दर वेळी पुन्हा तोच पेनड्राइव्हचा उद्योग. मुलीच्या अभ्यासाचं मशीन असतं तर म्हटलं असतं करा बिनधास्त. ज्या मशीनवर दुसऱ्यांच्या जीएसटीचे लॉगिन आणि डिजिटल सही आहे तिथे मी हे करत नाही.

आता स्वस्त की बद्दल, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकतो. चारशे रुपयांची की खोटी नसते, म्हणूनच तर लोक फसतात. ती टाकली की मशीन खरंच अ‍ॅक्टिव्हेट होतं, रिव्ह्यूमध्ये पाच चांदण्या दिसतात कारण रिव्ह्यू त्याच दिवशी लिहिलेला असतो. ही की येते कुठून? कुठल्यातरी कंपनीची शेकडो मशीनसाठी घेतलेली एमएके की असते, तीच एक की पन्नास जणांना विकलेली असते. किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना टेस्टिंगसाठी मिळालेली असते. किंवा भंगारात गेलेल्या ब्रँडेड मशीनच्या बुडावरून उतरवलेली. किंवा चोरीच्या क्रेडिट कार्डाने घेतलेली. यातल्या कुठल्याही प्रकारात तुमच्या हातात पंचवीस अक्षरं येतात, लायसन्स येत नाही. मूळ कंपनीचा करार संपला किंवा मायक्रोसॉफ्टने ती की ब्लॉक केली की एक दिवस उजव्या कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" उगवतं आणि विकणारा तोपर्यंत दुसऱ्या नावाने दुकान लावून बसलेला असतो. काही साइटवाले युरोपातल्या कोर्टाचा दाखला देतात. २०१२ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने ओरॅकलच्या एका खटल्यात वापरलेलं सॉफ्टवेअर लायसन्स पुढे विकता येतं असं म्हटलं होतं हे खरं आहे, पण तो निकाल तिथला, आणि त्यातही पहिल्याने आपली कॉपी बंद करून मग विकायची अशी अट आहे. सांगलीत बसून त्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

अ‍ॅक्टिव्हेटरचं तर याहून वाईट. ती फाइल चालवताना पहिली सूचना असते अँटिव्हायरस बंद करा. बंद केल्यावर आत काय शिरलं ते तुम्हाला कळायचा मार्गच राहत नाही. २०२१ च्या शेवटी केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींमधून क्रिप्टबॉट नावाचा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम पसरत असल्याचं उघडकीला आलं होतं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलणं हेच त्याचं काम. तुमच्या ब्राउझरमध्ये किती जणांच्या जीएसटी पोर्टलचे पासवर्ड सेव्ह आहेत ते तुम्हीच मोजा. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट अ‍ॅक्टच्या कलम ६३-बी मध्ये जाणूनबुजून पायरेटेड सॉफ्टवेअर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, धंद्यासाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. घरी येऊन कोणी धरत नाही हे मलाही माहितीये, पण तुमचा वापर धंद्याचा आहे.

"दुकानदाराने मारून दिली" या प्रकाराला एकच प्रश्न विचारायचा: बिलावर विंडोजची ओळ वेगळी येणार का, १८ टक्के जीएसटीसकट? हो म्हणाला तर पुढे बोला. "मॅडम बिलात कशाला, उगाच टॅक्स" असं आलं तर ते तुमच्याकडून इन्स्टॉलेशनची मजुरी घेतायत, विंडोजची किंमत नाही. मजुरी घ्यायला हरकत नाही, काम आहे ते, पण मजुरीला लायसन्स म्हणून विकू नये.

तर मग तुमच्यासमोर रस्ते कुठले. पहिला म्हणजे थोडा वेळ विकत घेणं, बऱ्याचदा तर फुकटच. विंडोज १० साठी ईएसयू नावाची जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. व्हर्शन २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट पाहिजे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला एनरोलची लिंक दिसते, आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला की पैसे लागत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. नवीन फीचर काही येत नाहीत, फक्त भोकं बुजवून मिळतात, पण आपल्याला तेवढंच हवंय. याने घाई संपते, आणि घाईत घेतलेला कॉम्प्युटर नेहमी महाग पडतो. त्यात सध्या रॅमचे भाव चढलेत, २०२५ च्या शेवटापासून एआय सर्व्हरवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली त्याचा फटका आपल्या गल्लीपर्यंत आलाय. दोन दुकानांत कोटेशन घेऊन तारीख टाकून ठेवा, भाव आठवड्यात बदलतो.

दुसरा रस्ता दुकानदार म्हणतो तो, नवीन बोर्ड. यात जुन्या पीसीमधलं नेमकं काय वाचतं ते नीट समजून घ्या, कारण "फक्त बोर्ड आणि प्रोसेसर" म्हणून सुरू झालेलं कोटेशन वाढत जातं. जुनी डीडीआर-थ्री रॅम नव्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळी असते. जुना कूलर नवीन इंटेल सॉकेटवर बसत नाही. हार्ड डिस्क चालते पण डेटा ठेवायला, विंडोज तिच्यावर टाकू नका, एसएसडी घ्याच. एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, दहा वर्षं जुना लोकल असेल तर तोही बदला, नवीन बोर्डाला जुन्या एसएमपीएसवर चालवणं मला पटत नाही. राहिलं काय, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड. म्हणजे हे अपग्रेड नाही, नवीन पीसी आहे जुन्या डब्यात. तो घ्यायचाच असेल तर एच६१० बोर्डावर बाराव्या जनरेशनचा आय-थ्री, १२१००, तुमच्या टॅली-एक्सेलला भरपूर झाला, फक्त नावाच्या शेवटी एफ नको, एफ वाल्यात ग्राफिक नसतं आणि मग वेगळं कार्ड घ्यावं लागतं. आणि यात विंडोज ११ होमचे पूर्ण पैसे धरावे लागतील, कारण असेम्बल बोर्डात कुठलंही लायसन्स आधीपासून नसतं. रिटेल घेतली तर पुढच्या वेळी नव्या बोर्डावर नेता येते. ओईएम पॅक स्वस्त मिळतो पण तो या बोर्डाबरोबरच संपतो. तुम्ही दहा-अकरा वर्षं एकच बोर्ड वापरणारे लोक आहात, तर रिटेलचा तो हक्क तुम्ही वापराल असं मला वाटत नाही. दर तीन वर्षांनी बोर्ड बदलणाऱ्या गेमर पोराला मी रिटेलच सांगेन.

तिसरा रस्ता मला तुमच्यासाठी सगळ्यात बरा वाटतो, आणि दुकानदार तो सहसा स्वतःहून सांगत नाही. कंपन्यांमधून लीज संपून निघालेली ब्रँडेड डेस्कटॉप मशीन. डेलची ऑप्टिप्लेक्स ७०६०, एचपीची एलिटडेस्क ८०० जी४, लेनोवोची थिंकसेंटर एम७२० ही सगळी आठव्या जनरेशनची, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसणारी. यांच्यात बहुतेक वेळा विंडोज १० प्रो चं खरं ओईएम लायसन्स बोर्डाच्या बायोसमध्येच कोरलेलं असतं. डिस्क नवीन टाका, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ उतरवून घ्या, ती फुकट मिळते, इन्स्टॉल करताना की विचारतच नाही, बायोसमधून स्वतः वाचून घेते आणि नेट लागलं की अ‍ॅक्टिव्हेट. ओईएम लायसन्स बोर्डाला चिकटतं म्हणून वर मी नाक मुरडलं, इथे तीच गोष्ट तुमच्या बाजूने काम करते. विंडोजच्या दहा हजारांत थोडी भर घातली की जवळजवळ अख्खं मशीन येतं, आणि ते प्रो लायसन्ससकट.

फक्त घेताना डोळे उघडे ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या बाजूला, किंवा ऑनलाइन, सगळीकडे एकच खेळ चालतो: सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनवर अट काढलेली विंडोज ११ टाकून "विंडोज ११ रेडी" म्हणून विकायची. ऑप्टिप्लेक्स ७०५०, एलिटडेस्क ८०० जी३, थिंकसेंटर एम७१० दिसलं की ते आधीच्या पिढीचं, दिसायला जुळी भावंडं, पण यादीच्या बाहेर. प्रोसेसरच्या नावात डॅशनंतरचा पहिला आकडा बघायचा, ८५०० म्हणजे आठवी, ७५०० म्हणजे सातवी. दुसरं, बायोसला पासवर्ड नाही ना ते एफ२ किंवा एफ१० दाबून तिथेच बघा. तिसरं जे कुणी सांगत नाही ते म्हणजे कंपनीची नोंदणी. काही मशीन मूळ कंपनीच्या ऑटोपायलटमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडच्या त्यांच्या मशीनच्या नोंदीतून, काढलेलीच नसतात, तुम्ही घरी आणून कोरी विंडोज टाकता, नेट जोडता आणि स्क्रीनवर कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं नाव येऊन त्यांचा ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड मागतं. म्हणून दुकानातच, नेट जोडून, कोऱ्या इन्स्टॉलेशनपासून मशीन सुरू करून दाखवायला सांगा. छोट्या डब्याचं मॉडेल घेत असाल तर त्याचा एसएमपीएस खास आकाराचा असतो, गेला तर बाजारातला कुठलाही बसत नाही, जागा असेल तर टॉवर घ्या. आणि एसएसडी जुनी नको, नवीनच, बिलासकट.

होम की प्रो यावर जास्त वेळ घालवू नका. प्रो मध्ये तुमच्या कामाचं म्हणजे बिटलॉकरवर (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीवर) पूर्ण ताबा आणि बाहेरून रिमोट डेस्कटॉपने या मशीनवर येता येणं, बाकी डोमेन वगैरे ऑफिसांचं आहे. बायोसमध्ये प्रो आलं तर उत्तम, विकत घ्यायची वेळ आली तर होम पुरे, अमेरिकेत दोन्हींच्या किमतीत ६० डॉलरचा फरक आहे, १३९ आणि १९९, इथेही प्रो बरीच महाग आहे.

लिनक्स का नाही, असं विचारणारे येतीलच, तर त्यांना आधीच सांगतो की मलाही लिनक्स आवडतं. मुलीसाठी जुना पीसी ठेवणार असाल तर त्यात एक सॅटा एसएसडी टाका आणि लिनक्स मिंट २२ बसवा, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, व्हिडिओ लेक्चर, पीडीएफ, ब्राउझर सगळं सुरळीत चालतं आणि लायसन्सची भानगडच नाही. पण तुमचं टॅली विंडोजचं, सासऱ्यांची श्रीलिपी विंडोजची, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर डोकं खातात, आणि तुमच्याकडे कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे म्हणालात, तो तर लिनक्सवर चालवणं म्हणजे रविवार गेला. कामाच्या मशीनवर विंडोजच.

आता बदल करायच्या दिवसाचं. महिन्याच्या २० तारखेची थ्री-बी (जीएसटीचं रिटर्न) भरून झाल्यावरच हात लावा, आधी नाही. जुन्या मशीनवर टॅलीचं लायसन्स सरेंडर करायला विसरू नका, टॅलीच्याच मेनूत तो पर्याय आहे. टॅलीही मशीनला बांधलेलं असतं, सरेंडर न करता फॉरमॅट मारला तर नव्या मशीनवर अ‍ॅक्टिव्हेट करताना अडतं आणि मग सपोर्टला फोन करत बसावं लागतं. कंपनीचा डेटा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा, एक पेनड्राइव्ह आणि एक बाहेरची डिस्क. डिजिटल सही टोकनमध्येच असते, ती कुठे जात नाही, पण टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलचं ईएमसाइनर हे सही करायचं सॉफ्टवेअर नवीन मशीनवर पुन्हा टाकावं लागेल. ब्राउझरमधले पासवर्ड वेगळे उतरवून घ्या. प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही.

सासऱ्यांच्या श्रीलिपीचं आधी बघा, हे खरं अडणारं काम आहे. ती किती जुनी आहे, डाँगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालते का, आणि ती आवृत्ती ६४-बिट विंडोज ११ वर चालते का हे विकणाऱ्याला विचारल्याशिवाय जुनं मशीन मोडू नका. त्यांच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे फॉन्ट गेला की सगळा मजकूर अगम्य दिसेल, तो फॉन्ट फोल्डरसकट कॉपी करून ठेवा. नवीन लिखाणासाठी विंडोजमध्ये मराठी भाषा अ‍ॅड केली की इनस्क्रिप्टबरोबर मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो, २०१९ पासून तो आतच आहे, पण वर्षानुवर्षं एका लेआउटवर बसलेली बोटं बदलत नाहीत हेही मला माहितीये, तेव्हा त्यांच्यावर जबरदस्ती करू नका, फार तर जुना पीसी नेट काढून त्यांच्यासाठी विंडोज १० वरच राहू द्या आणि मुलीच्या लिनक्सचं नंतर बघा.

आणि शेवटचं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला उभं राहून करायला लावतो. विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते, तिथे दुकानातला पोरगा सवयीने दुकानाचाच ईमेल टाकतो. टाकू देऊ नका. २४एच२ पासून कोऱ्या इन्स्टॉलेशनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची रिकव्हरी की ज्याचा ईमेल त्याच्या अकाउंटला जाऊन बसते. पुढे कधी बायोस अपडेट झालं किंवा बोर्डाचं काही काम निघालं की निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी की मागतो, आणि ती तुमच्याकडे नसली तर टॅलीचा सगळा डेटा डोळ्यासमोर असून उघडत नाही. तुमचाच ईमेल टाका, घरी आल्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्याच ईमेलने लॉगिन करून ती की कागदावर उतरवा आणि विंडोजच्या बिलाबरोबर फाइलला लावून ठेवा. कागद कॉम्प्युटरच्या टेबलात नको, दुसऱ्या कपाटात.